पाहुण्या देवांचा कौल

माझ्या भारतच्या पोराचं बारसं झालं त्या वर्षीची ही गोष्ट. घुगऱ्यांचं पातेलं अजून अंगणात उपडं पडलं होतं आणि त्याच्याच शेजारी मी उखळात मिरच्या कांडत होते. म्हसोबाची जत्रा तोंडावर आली होती. हुसेनभाऊ मुलाणी आमच्या पायरीवर बसून सुरी लावत होता. आमच्या पायरीचा दगड काळा, बारीक पोताचा. दरसाल जत्रेआधी तो तिथंच बसायचा, सुरीला धार लावायचा आणि मिरचीच्या खकाण्यानं शिंकायचा.

“येसाक्का, पोराचं नाव काय ठिवलं म्हणायचं?”

“सुनेनं ठेवलंय. आर्यवीर.”

“आर्यवीर?” त्यानं हात थांबवला. “शेतातनं हाक मारायची म्हटलं तर निम्म्यातच दम लागंल की.”

“तिच्या देखत म्हणू नको. आधीच तिला तुझी सुरी बघून भ्या वाटतंय.”

“सुरीचं भ्या बोकडानं धरावं. माणसाला काय करतीय ती?”

हसला की त्याचे खांदे हलायचे, आवाज मात्र यायचा नाही. मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून तो तसाच हसत होता.

आमचं करंजमाळ म्हणजे जतच्या पलीकडचं उजाड माळरान. ऊस नाही, द्राक्षं नाहीत, पाऊस आला तर आला. म्हसोबा होता म्हणून गाव होतं. ज्यांना कंदुरी माहीत नाही त्यांना सांगते. नवस फेडायला लांबलांबची माणसं बोकड घेऊन यायची. देवापुढं बोकड कापायचा, तिथंच माळावर चूल पेटवून शिजवायचा, पहिलं पान म्हसोबाला आणि मग सगळ्यांनी पंगतीला बसायचं. बोकडाच्या मानेवर पहिली सुरी मुलाण्याचीच. ती त्याची नसेल तर म्हसोबा पानाला तोंड लावत नाही, असं आमच्या आज्यापणज्यांनी मानलेलं, आणि त्यात कुणाला कधी वावगं दिसलं नव्हतं. आलेल्या प्रत्येक कुटुंबाचं गावात एक ठरलेलं घर असायचं. लाकूड, भांडी, मसाला, भाकऱ्या त्या घरानं द्यायच्या. आमच्या घरी विजापूरकडचा रेवाण्णा यायचा, त्याच्या आधी त्याचा बाप यायचा. जत्रा आणि वर्षभरातल्या अमावास्या धरल्या तर त्यावरच निम्म्या गावाची चूल पेटायची.

मग नगरी आली. दिव्य देवलोक नगरी. आमच्याच माळावर, म्हसोबाच्या पाठीमागच्या अंगाला. आत सिमेंटचा हिमालय, सिमेंटची काशी, बारा ज्योतिर्लिंगं एका तिकिटात. यंत्रातनं बर्फ उडायचा, गुहेत विजेचे राक्षस ओरडायचे. जागा द्यायची की नाही यावर गावात भांडणं झाली तेव्हा म्हाताऱ्यांनी ठरवलं की कौल लावायचा. शिवाप्पा गुरवानं म्हसोबाच्या तांदळ्यावर, म्हणजे शेंदूर फासलेल्या दगडावर, डावी-उजवीकडं पाण्यानं कण्हेरीच्या पाकळ्या चिकटवल्या आणि विचारलं, “देवा, तुझ्या माळावर पाहुणे देव यायचं म्हणतात. त्यांना जागा देऊ का?”

शब्द तोंडातून निघायच्या आत उजवी पाकळी पडली. उजवी म्हणजे हो, डावी म्हणजे नाही.

पडणारच. दारात आलेल्या पाहुण्याला आमच्यातला भिकारीसुद्धा जागा नाही म्हणत नाही, म्हसोबा म्हणेल? पाहुणे आल्यावर घरच्याचं पान कुठं मांडायचं, हे मात्र कुणी विचारलं नाही. कौल एकदा मिळाला की त्यावर आमच्यात बोलत नाहीत. गावानं माळ दिला.

तर त्या सकाळी आम्ही असे बसलेले, आणि दारात जीप थांबली. त्यातून माझा दीर विलास उतरला. नगरी आल्यापासून तो नगरीचा माणूस झाला होता. पांढरे कपडे, कपाळाला नाम, छातीवर फोटोची पट्टी.

“वैनी, चहा टाका. हुसेनभाऊ, तुम्ही हितंच हाय ते बरं झालं.”

“कशाला बरं झालं?” हुसेनभाऊनं विचारलं.

“तुमच्याच कामाचं हाय.” विलास खाटेवर टेकला. “यंदा माळावर कंदुरी नको असं वरून आलंय. धूर, वास, रगत. सगळं नगरीत जातं. लांबनं लोकं येतात, बायाबापड्या, लहान पोरं. हिमालयापुढं उभं राहायचं आणि नाकात मटणाचा वास. कसं दिसतं ते?”

मी मुसळ खाली ठेवलं. “भावजी, हिमालय कालचा. वास शंभर वर्सांचा. त्यो कुणी हलवायचा?”

“तुमचं आपलं काहीतरीच.” तो हसला. “नगरी अख्ख्या गावाला पुरणपोळीचं जेवण देणार हाय. फुकट. कुणाला काही शिजवायलाच नको.”

“शिजवायला नको, मग आम्ही खायचं काय? तुमचं जेवण एक दिस. बाकीच्या दिसांचं काय?”

“बाकीच्या दिसांचं भारतला विचारा. पगार कोण देतंय त्याला?”

मी मुसळ परत उचललं. खोटं नव्हतं ते. भारत पुण्याला गोदामात हमाली करायचा, नगरीत नोकरी लागली म्हणून घरी आला. दारावर द्वारपाल. डोक्याला पत्र्याचा मुकुट, चिकटवलेल्या मिशा, हातात गदा, उन्हात दिवसभर उभं राहायचं. नोकरी लागली तेव्हा मीच म्हसोबापुढं नारळ फोडला होता. भारतसारखी गावातली आणखी काही पोरं आत झाडू मारत होती, गाड्या लावत होती. डांबरी रस्ता झाला होता. पण बसेस हमरस्त्यावरून आत जायच्या, भिंतीच्या आतच खायच्या, आतच खरेदी करायच्या आणि तशाच बाहेर पडायच्या. गावातल्या हॉटेलवाल्या सोपानानं बसेसच्या आशेवर एवढे वडे तळले होते की शेवटी ते त्यानंच खाल्ले. वेशीतल्या कासारणीनं बांगड्यांचं दुकान मोडलं. आमच्याकडं अजून जत्रा होती. तेवढीच राहिली होती.

“आणि ह्यात जबरदस्ती न्हाई,” विलास म्हणाला. “रविवारी कौल लावू. देव सांगंल तसं.”

हुसेनभाऊनं सुरीवरून अंगठा फिरवला. “देवाला विचारायचं तर विचारा की. देवानं न्हाई म्हटलं तर मी कोण?”

“बघा, ह्याला म्हणतात समजूतदार माणूस,” असं म्हणून विलास चहा न पिताच उठला.

रविवारी सगळा गाव म्हसोबाच्या देवळात. देवळात म्हणायचं एवढंच, आधी ते उघड्यावरचं ठाणं होतं. नगरीनं त्याला भिंती घातल्या, फरशी घातली, स्टीलचा कठडा केला, शिवाप्पाला महिन्याला मानधन सुरू केलं आणि देवाच्या बाजूला उभा पंखा ठेवला. शिवाप्पा गुरव ओल्या अंगानं तांदळ्यापुढं बसला होता. भारत दुपारच्या सुट्टीत तसाच आला होता, मुकुट काखेत, मिशा लावलेल्या. मी बायकांत उभी होते.

“विचारा काका,” विलास म्हणाला. “देवा, आजपासून तुला गोड नैवेद्य चालेल का?”

शिवाप्पानं पाकळ्या भिजवायला वाटी घेतली आणि माझ्या डोक्यात काहीतरी फाटलं. कौलाला बायका बोलत नाहीत. मी बोलले.

“थांबा शिवाप्पाकाका. पुरणपोळीला कोण नको म्हणतंय? मला विचारा, मी बी हो म्हणंन. असा कौल लावू नका. मागं बी असाच लावला, आणि माळ गेला.”

“वैनी!”

“विचारायचंच तर सरळ विचारा. तुझ्या पानातलं मटण काढू का? मुलाण्याची सुरी बंद करू का? त्याचं नाव घेऊन विचारा. बघू म्हसोबा काय म्हणतोय.”

गलका झाला. कुणीतरी म्हणालं, “बाईनं मधी बोलायचं काम न्हाई.” पण मागून म्हातारा सोपाना ओरडला, “बरोबर बोलली ती! नाव घ्या!” आणि मग दोघेतिघे बोलायला लागले. शिवाप्पानं वाटी खाली ठेवली. तो विलासकडं न बघता म्हणाला, “मानाचा कौल असंल तर ज्याचा मान हाय त्यानं ‘विचार’ म्हणायला पायजे. त्याबिगर मला पाकळी लावता येत न्हाई. त्यो रिवाज हाय.”

हे खरं होतं. ज्याच्या ताटात हात घालायचा, त्याच्या तोंडून हो आल्याशिवाय देवालासुद्धा विचारत नाहीत. मला वाटलं, जिंकलो. हुसेनभाऊ ‘विचार’ म्हणणार नाही आणि विषय संपेल. त्याच्या बापानं, त्याच्या आज्यानं याच दगडापुढं सुरी धरली होती.

विलास वळला. आवाज एकदम मऊ केला. “हुसेनभाऊ, मी तुमच्या भल्याचं बोलतोय. पूर्वीचे दिस न्हाईत. बाहेरची लोकं येतात, हातात मोबाईल असतात. तुम्ही सुरी घेऊन देवापुढं उभे, कुणी त्याचा अर्धाच व्हिडिओ काढला आणि काही भलतंच झालं, तर मी तरी कुठं कुठं धावू?”

ही गोष्ट आमच्या गावात तोवर कुणी तोंडातून काढली नव्हती. हुसेनभाऊ मुलाणी होता, एवढंच आम्हाला माहीत. बाहेरच्या माणसाला तो कसा दिसेल हे विलासनं त्या दिवशी म्हसोबापुढं उभं राहून आम्हाला शिकवलं.

मी हुसेनभाऊकडं बघत होते. तो माझ्याकडं बघत नव्हता. त्याची नजर मागं भारतवर गेली, त्या पत्र्याच्या मुकुटावर, आणि परत आली.

“विचार,” तो म्हणाला.

“हुसेनभाऊ!” मी ओरडले.

“विचार रे शिवाप्पा. उशीर कशाला?”

शिवाप्पानं पाकळ्या लावल्या. नाव घेऊन विचारलं, “देवा, मुलाण्याची सुरी बंद करू का?” आणि आम्ही बघत राहिलो. पाकळी हलेना. डावी नाही, उजवी नाही. लेकरं रडायला लागली, बायका या पायावरून त्या पायावर होऊ लागल्या. शिवाप्पानं पुन्हा विचारलं. पाकळ्या शेंदराला अशा चिकटल्या होत्या जशा तिथंच उगवल्यात. कौल देत नाही म्हणजे देवाला प्रश्न मान्य नाही. उठायचं असतं. शिवाप्पा उठायलाही लागला.

“बसा काका, बसा. घाम किती आलाय बघा तुम्हाला,” असं म्हणत विलास पुढं झाला आणि त्यानं पंख्याचं बटण दाबलं.

पंखा उजव्या हाताला होता. उजवी पाकळी उडाली, फरशीवर पडली, तिथून घसरत कठड्यापर्यंत गेली.

सगळ्यांनी बघितलं. मी एकेकाचं तोंड बघितलं. सोपानानं मान खाली घातली. शिवाप्पानं डोळे मिटले. आणि मग पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “म्हसोबाच्या नावानं...” आणि गाव म्हणाला, “चांगभलं!”

मी घरी आले आणि कांडलेली मिरची तशीच डब्यात भरून ठेवली. हुसेनभाऊ संध्याकाळी दारावरून गेला तेव्हा मी दार लावून घेतलं. विलासपेक्षा मला त्याचाच राग जास्त आला होता. विलास परका झाला होता, त्याचं काय? हा आमचा होता, आणि एका शब्दात सगळ्यांची चूल विझवून मोकळा झाला.

जत्रेच्या दिवशी नगरीनं कबूल केल्याप्रमाणं मांडव घातला. पुरणपोळी वाढली ती सांगलीच्या आचाऱ्यांनी. गावातल्या एका बाईला पोळी लाटायलासुद्धा बोलावलं नाही. आणि हमरस्त्यावर फाट्याला भारतला उभं केलं, त्याच वेशात. बोकड घेऊन येणाऱ्या गाड्या परत फिरवायच्या. माणसं भारतला ओळखतात, त्याचं ऐकतील, असं विलास म्हणाला.

मी फाट्यावर गेले तेव्हा रेवाण्णाचा टेम्पो आला होता. बायका, पोरं, मागं हळद लावलेला बोकड. रेवाण्णा खाली उतरून भारतकडं बघत होता. त्याला आधी ओळखूच आलं नाही.

“भारता? तूच काय रे?” त्यानं मिशीला हात लावून बघितला. “नाटकात हाईस व्हय?”

“मामा, यंदा कंदुरी न्हाई. परत जावा.”

“न्हाई म्हंजे? नवस हाय माझा. सुनेला पोर झालंय.”

“देवानं कौल दिलाय, मामा.”

“कुणाच्या देवानं?”

भारतनं डोक्यावरचा मुकुट सारखा केला. रेवाण्णानं मला बघितलं. “येसाक्का, तुझ्या दारातनं मला माघारी लावतीस व्हय गं? माझ्या बोकडानं काय पाप केलं? पोराच्या तोंडाकडं तरी बघितलंस काय, विजापूरपासनं उन्हात आलोय.”

त्याला काय सांगू? पंखा सांगू? मी म्हटलं, “रेवाण्णा, घरी चल. देवाला नाही तर नाही, माझ्या चुलीवर शिजवू.”

“देवाचं बोकड हाय. घरात कसं शिजवू?” तो बायकोला काहीतरी कानडीत बोलला, ती रडायला लागली. टेम्पो फिरवला. तो परत कधी आला नाही. त्याच्यासारखे बाकीचेही आले नाहीत. लोकांनी दुसऱ्या गावचा म्हसोबा धरला. देव काय, जिथं पान मांडाल तिथं जेवतो.

त्या पावसाळ्यानंतर गावात विकण्यासारखं काही उरलं नाही, आणि विकत घ्यायला कुणी येईनासं झालं. कुणी सांगलीला गेलं, कुणी ऊसतोडीला. नगरीत गर्दी वाढतच होती. बसेसची रांग फाट्यापर्यंत लागायची, आमच्या दारावरून धुरळा उडवत जायची. दिवाळीच्या आधी नगरीनं दारावर नवे द्वारपाल बसवले. फायबरचे. भारतपेक्षा उंच, त्याच्यापेक्षा रागीट, डोळ्यांत लाल दिवे. त्यांना पगार लागत नव्हता. भारतला मुकुट आणि गदा परत द्यायला सांगितलं. त्यानं मिशा तेवढ्या ठेवून घेतल्या, कुणी मागितल्या नाहीत. सुनेला आणि पोराला घेऊन तो पुन्हा पुण्याला गेला.

विलासला मी म्हटलं, “भावजी, माझं पोर तरी ठेवायचं होतं.”

“वैनी, माझ्या हातात काय हाय? धोरण बदललं.”

मार्गशीर्षात डोळ्याच्या दवाखान्यासाठी मी मिरजेला गेले. हुसेनभाऊ तिथं भाच्याच्या चिकनच्या दुकानात कामाला लागलाय हे ऐकलं होतं. जाणार नव्हते. पण एसटीला वेळ होता आणि पाय तिकडं वळले.

दुकानाच्या मागच्या बाजूला तो रबरी बूट घालून पाटावर बसला होता. समोर ब्रॉयलर कोंबड्यांचा ढीग. म्हसोबापुढं उभा राहणारा माणूस, पिसांत बसलेला. मला बघून उठायला लागला, गुडघा धरून परत बसला.

“येसाक्का! डोळ्याला पट्टी?”

“मोतीबिंदू. तू कसा हाईस?”

“ब्येस. भाचा चांगला हाय. कोंबड्याला काय, मान ना पान. दिसभर चालू.” तो हसला, पण खांदे हलले नाहीत. “लई राग धरलास माझ्यावर. मी दारावरनं गेलो, तू दार लावलंस.”

“लावणारच. तू ‘विचार’ म्हटलास. एक शब्द न बोलता बसला असतास तर...”

“तर भारत बसला असता,” तो म्हणाला. “घरी.”

मला कळलं नाही. तो हातातली कोंबडी सोलत खाली बघून बोलत राहिला.

“विलास आदल्या सांजेला माझ्याकडं आला होता. म्हणला, देवळात तू आडवा आलास तर भारतला सकाळी काढतो. वैनी बोलणार हे मला ठावं हाय, म्हणला, पण तू बोलायचं न्हाईस. पोर नुकतं पाळण्यात पडलं होतं तुझं. मी म्हटलं, माझं काय, एका सुरीचं हाय. माझ्यामागं ती धरायला तरी कोण हाय? पोरी सासरी.” त्यानं पिसं झटकली. “व्हिडिओ-बिडिओचं भ्या मला न्हवतं गं. ते त्यानं गावाला दावायला काढलं.”

बाहेर गिऱ्हाईक ओरडत होतं, “चाचा, झालं का?”

“भारत हाय न्हवं कामावर?” त्यानं विचारलं.

“हाय,” मी म्हटलं.

“मग झालं.” त्यानं कोंबडी पुढं सरकवली, एक वेगळी काढली, साफ करून काळ्या पिशवीत घातली आणि माझ्या हातात दिली. “न्हाई म्हणू नको.”

गावात उतरल्यावर मी घरी न जाता आधी विलासच्या दारात गेले. तो ओट्यावर सोफा टाकून बसला होता. काय बोलायचं ते सगळं वाटेत जमवलं होतं. पण तोंडातून एवढंच आलं, “भावजी, तुम्ही पंखा लावला नसता तरी चाललं असतं. सौदा तर आधीच झाला होता.”

त्यानं आत बायकोला हाक मारली, वैनीला पाणी दे. मी पाणी न पिता परत आले.

पौषात मिरजेहून भाच्याचा फोन आला, तो विलासलाच, कारण गावचा मोठा माणूस तो. हुसेनभाऊला गावच्या मातीत, बापाशेजारी पुरायचं होतं. विलासनं सांगितलं की रस्ता नगरीवरून येतो, सुट्ट्यांचे दिवस आहेत, बसेसची गर्दी आहे, मयत त्या वाटेनं आणू नका. हे मला त्यानं स्वतः सांगितलं, चौथ्या दिवशी, गाडी पुसता पुसता.

हुसेन मुलाणी पौष अमावास्येला, सोमवारी पहाटे, मिरजेत वारला. त्याला तिथंच माती दिली.